झोळीत पाणी आलं कुठून? मुळशीतल्या दोन पावसाळी रात्रींचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोथरूडच्या एका बहीण-भावाचं आहे. नावं देत नाही. ताई आणि धाकटा एवढं पुरे. ताई शाळेत शिकवते. कॉलेजपासून किल्ले पालथे घातलेत, पण मुक्काम कायम तंबूत, देवळात नाहीतर गावात कुणाच्या तरी पडवीत. धाकटा हिंजवडीला नोकरीला आहे आणि हॅमॉकचं, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगून आत झोपायच्या झोळीचं, वेड त्याचं. उन्हाळ्यात झाडांना झोळी टांगून मस्त झोपा काढल्यावर पावसाळ्यातही हे जमणारच, याबद्दल त्याच्या मनात शंका उरली नव्हती.

त्याचं म्हणणं तसं बरोबरच होतं. जुलैत मुळशीच्या बाजूला तंबू ठोकायला जागा शोधून बघा. सपाट जमीन दिसते ती भाताची खाचरं असतात, आणि जी खाचरं नसतात तिथून पाणी वाहत असतं. झोळी दीड-दोन फूट वर टांगलेली. खालून ओढा गेला तरी काय बिघडतं?

पुणेकराची फसगत होते ती दुसरीकडे. शहरात वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. चांदणी चौक ओलांडून भूगाव, पिरंगुट, पौड करत घाटमाथ्याकडे सरकलं की तासा-दीड तासात आपण अशा पट्ट्यात पोचतो जिथे हाच आकडा ४००० च्या पुढे जातो. ढग सह्याद्रीच्या भिंतीला धडकून तिथेच रिकामे होतात, पुण्याला येतं ते उरलंसुरलं. घरून निघताना भुरभुर होती म्हणून सामानही भुरभुरीच्या हिशेबाने घेतलं जातं.

जागा होती मुळशी धरणाच्या पाण्याजवळची एका ओळखीच्या शेतकऱ्याची राई. दोघंही त्यांना मामा म्हणतात. जमीन खाजगी, परवानगी घेतलेली. हे सांगायचं कारण म्हणजे त्या भागात बरंच क्षेत्र वनखात्याचं आहे, पुढे ताम्हिणीचं अभयारण्य आहे, आणि दिसलं झाड की बांध दोरी असं तिथे चालत नाही.

सामान दोघांचं एकसारखं, एकाच वेळी मागवलेलं: २.८ मीटर लांबीची नायलॉनची झोळी, वर शिवलेली मच्छरदाणी, झाडाला गुंडाळायचे दोन पट्टे, पट्टा आणि झोळी जोडायला दोन कॅराबिनर (धातूच्या कड्या) आणि ३ बाय ३ मीटरचा सिलिकॉन लावलेला नायलॉनचा टार्प, म्हणजे झोळीवर छतासारखं ताणायचं कापड. आत फोमची चटई आणि कृत्रिम भरणाची स्लीपिंग बॅग.

पहिली रात्र

पोचायला संध्याकाळ झाली. उजेड तासाभराचा उरला होता. राईत पाण्याच्या अंगाला एक उंबर होता, थोडा कललेला, गुळगुळीत सालीचा. त्याच्या पूर्वेला बेताच्या अंतरावर ऐन. या जोडीमधून धरणाचं पाणी आणि पलीकडचे डोंगर थेट दिसत होते. धाकट्याने ती जागा लगेच धरली. साहजिकच झोळी पूर्व-पश्चिम टांगली गेली, पाय उंबराकडे. खाली उभं राहून चहा करता यावा म्हणून टार्प चांगला उंच बांधला.

ताईला उरलेली जोडी मिळाली: दोन सरळसोट ऐन, दक्षिणोत्तर. समोर दिसायला गोठ्याची भिंत. तिची उंची कमी, त्यामुळे टार्पची आढ्याची दोरी बांधताना हात पोचला तिथेच बांधली. झोळीपासून टार्प जेमतेम हातभर वर राहिला.

नऊच्या सुमाराला पाऊस सुरू झाला. अकरानंतर वारा आला. एक वाजता धाकट्याला पाठ गार लागायला लागली. झोळीत पाठीखालून वारा फिरतो, त्यामुळे गारवा वाटणं नवीन नव्हतं. तो चटई सारखी करून परत झोपला. तीनला जाग आली तेव्हा कमरेखालची चटई पाण्यात होती. स्लीपिंग बॅग पायांपासून कमरेपर्यंत भिजलेली. टॉर्च वर मारला तर टार्पच्या आतल्या बाजूला बारीक थेंब चमकत होते.

"ताई, टार्प गळतोय माझा!"

ताई उठली. तिची फक्त पायाकडची चटई ओलसर होती.

पहाटे तीनचा निर्णय

तीन गोष्टी करता येण्यासारख्या होत्या. टार्प खाली ओढून झोळी दुसऱ्या जोडीला बांधायची. रेनकोट पांघरून उजाडेपर्यंत काढायचं. किंवा सरळ मामांची पडवी गाठायची.

धाकट्याला पहिलं हवं होतं. ताईने ऐकलं नाही. तिचं म्हणणं साधं होतं: बॅग भिजली आहे, वारा चालू आहे, झोळी बदलून बॅग थोडीच वाळणार. पावसाळ्यात घाटमाथ्यावर रात्री विशीच्या आसपास तापमान असतं. ऐकायला ते काहीच वाटत नाही, पण ओल्या अंगाला वारा लागत राहिला की हुडहुडी भरायला तेवढं पुरतं. त्याचे दात वाजायला लागलेच होते. दोघं पडवीत गेले.

या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय मला हाच वाटतो. झोळी कोरडी कशी ठेवायची याचा विचार माणूस कोरडा झाल्यावर करता येतो.

मामांनी घोंगड्या काढून दिल्या. "दार लोटूनच ठेवलं होतं, ताई. म्हटलं येतील रात्री कधीतरी."

सकाळी चहाच्या वेळी त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. गोठ्याला तीन बाजूंनी नुसते वासे होते; पश्चिमेला मात्र पेंढ्याचा भक्कम आडोसा, जमिनीपर्यंत. "पाऊस सगळा त्या अंगानं येतो. तुम्ही नेमकं तिकडंच तोंड उघडं ठेवलंत."

निदान: टार्प खरंच गळत होता का?

पुण्यात परतल्यावर धाकट्याने नवा टार्प बघायला घेतला. जुन्याच्या लेबलवर २००० मिलिमीटर लिहिलं होतं, म्हणजे कापडावर एवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते पाझरत नाही. त्याची नजर ५००० वाल्यावर होती, किंमत दहा हजारांच्या घरात. इथे ताईने मला मध्ये घातलं, कारण आमच्या गटात सामानाच्या भानगडी माझ्याकडे येतात.

मला दोन गोष्टी खटकल्या. डोक्यावर ताणलेल्या, कुणी न टेकलेल्या कापडाला २००० भरपूर झाले.  आणि पाणी सापडलं कमरेखाली. झोळीत सगळ्यात खोल भाग तोच. पाणी डोक्याकडून येवो, पायाकडून येवो नाहीतर वरून, साठणार कमरेखालीच. तिथली ओल बघून वरचं कापड गळतंय म्हणणं म्हणजे मोरीत पाणी दिसलं म्हणून मोरीच गळते म्हणण्यासारखं. टार्पच्या आतले थेंब बहुधा दमट हवेचे होते. बाहेर गार पाऊस, आत माणसाचा श्वास, कापडाला घाम धरतोच.

ताईची झोळी बरीच कोरडी राहिली हा धागा उपयोगी होता, पण त्यावरून लगेच काही सिद्ध होत नव्हतं. तिच्या मांडणीत तीन गोष्टी एकदम वेगळ्या होत्या: दिशा, टार्पची उंची आणि झाडं. यातली कुठली कामाला आली, हे सुटं करून बघायला हवं होतं.

गच्चीवरची चाचणी

सोसायटीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीचे खांब आहेत. त्यातल्या दोघांना धाकट्याची झोळी आणि टार्प बांधला. आधी पाइप लावून टार्पवर वरून पंधरा मिनिटं पाणी सोडलं. आतून हात फिरवला तर कोरडा. शिवणीसुद्धा. दहा हजार तिथेच वाचले.

मग कपड्यांना घालायची नीळ आणली. चिमूटभर फडक्यात बांधून ती पुरचुंडी पट्ट्यावर, खांबाच्या अगदी जवळ अडकवली आणि मगाने खांबावर हळूहळू पाणी ओतलं. झोळीला पाण्याचा एक थेंबही थेट लागू दिला नाही.

पुढचं बघण्यासारखं होतं. पट्टा आधी फक्त गडद झाला, कापूस भिजावा तसा. मग त्याच्या खालच्या कडेने निळी रेघ सरकायला लागली. कॅराबिनरपाशी ती थांबली; धातूच्या पोटाला थेंब लोंबकळला, मोठा झाला, पडला. परत एक. धाकटा खूश, कारण कॅराबिनर पाणी तोडतो असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. मी मगाची धार थोडी वाढवली. आता थेंब पडायच्या आत पुढचं पाणी कॅराबिनरला वळसा घालून पलीकडच्या दोरीवर चढलं, तिथून झोळीच्या चुणीदार टोकात शिरलं आणि चुण्यांमधून उतरत मध्यावर आलं. पाच-सात मिनिटांत कमरेच्या जागी फिकट निळा डाग. (तो अजून गेलेला नाही. पुरचुंडी बांधण्याआधी विचारायला हवं होतं असं धाकटा अधूनमधून ऐकवतो.)

झोळी नीट टांगली की तिचे पट्टे झाडाकडून झोळीकडे साधारण ३० अंशांनी उतरतात. म्हणजे आपण स्वतःच पन्हळ बांधतो. आणि त्या पन्हळीला पाणी पुरवायला अख्खं झाड उभं असतं. फांद्यांवर पडलेला पाऊस खोडावरून ओघळतो. साल गुळगुळीत असेल तर ओघळ जास्त, खरबरीत भेगाळ असेल तर कमी, आणि झाड कललेलं असेल तर ओघळ कललेल्या बाजूने एकवटतो. उंबर गुळगुळीतही होता आणि कललेलाही. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी म्हणतात, ती बरंच पाणी अडवते. धाकट्याची बॅग पायांकडून भिजत आली होती, डोक्याकडचा भाग शेवटपर्यंत बरा होता. चित्र जुळलं.

वाऱ्याचा भाग हिशेबाने सुटला. टांगलेल्या झोळीच्या दोन टोकांतलं सरळ अंतर तिच्या लांबीच्या साधारण ८३ टक्के ठेवतात, २.८ मीटरच्या झोळीला ते २.३ मीटरच्या आसपास येतं. ३ मीटरच्या टार्पने दोन्हीकडे साधारण ३५ सेंटिमीटरची वळचण मिळते. आता पाऊस ४५ अंशांत तिरका आला तर तो जेवढा खाली येतो तेवढाच आत येतो. टार्प झोळीच्या टोकापेक्षा ३५ सेंटिमीटर वर असेल तर पाऊस टोकापाशी संपतो. धाकट्याने तो जवळजवळ मीटरभर वर बांधला होता, तोही पश्चिमेला टोक करून. म्हणजे अर्ध्या मीटरहून जास्त झोळी पायाकडून उघड्यावर. चहा उभ्याने करायची हौस.

पर्याय आणि निवड

जास्त आकड्याचा टार्प बाद झाला होता. मोठा, दोन्ही टोकांना पडदे असलेला टार्प हा खरा पर्याय होता. पडदे लावले की वारा कुठूनही येवो. पण त्याने पट्ट्यावरून येणारं पाणी थांबलं नसतं, आणि आधी हातातलं सामान नीट वापरून बघू असं ताईने ठरवलं. झोळीला रेनकोटासारखी पिशवी चढवायची कल्पनाही निघाली. ती मीच खोडून काढली: आत श्वासाची वाफ कोंडते, सकाळी आतूनच ओलं.

राहिला पर्याय मांडणी बदलण्याचा. पट्ट्यावर पाणी तोडायला सुतळी बांधायची; तिला पाणी लागलं की ते लोंबत्या शेंड्याने खाली उतरतं. बोहरी आळीतून सुतळीचा तोडा आणि थोडं गोल इलॅस्टिक आणलं, आणि गच्चीवर परत मग घेऊन बसलो. सुतळी टार्पच्या बाहेर बांधली तर तिच्यापुढचा पट्टा पावसाने पुन्हा भिजतो, म्हणजे बांधून उपयोग नाही. टार्पच्या कडेपासून वीतभर आत, कॅराबिनर आणि झोळीच्या मधल्या दोरीवर निरगाठ मारून वीतभर शेंडा सोडला तेव्हा निळं पाणी तिथेच संपलं. गुळगुळीत नायलॉनच्या दोरीचा तुकडा बांधून पाहिला, तर जोराच्या धारेला थोडं पाणी त्याला ओलांडून गेलं. सुतळी पाणी पिते, म्हणून ती बरी. जोराच्या पावसासाठी दोन बांधायच्या ठरल्या, चार बोटांच्या अंतराने.

टार्पच्या आढ्याच्या दोरीचाही हाच न्याय. ती झाडापासून झाडापर्यंत एकसंध, टार्पच्या खालून गेलेली होती. तिच्यावरून आलेलं पाणी मध्यावर मच्छरदाणीत ठिबकायचं. तिलाही टार्पच्या कडेच्या आत दोन्हीकडे सुतळी लावली.

दुसरी रात्र

ऑगस्टमध्ये तीच राई. या वेळी चारच्या आत पोचले, आणि धाकट्याने आधी मामांना विचारलं, "मामा, वारा कुठून आहे आज?" मामांनी नुसती हनुवटी हलवली. पश्चिम.

दोन्ही झोळ्या दक्षिणोत्तर टांगल्या, ऐनाच्या जोड्यांना. उंबराला हात जोडले. बांधण्याआधी वर वाळकी फांदी नाही ना हे पाहिलं; हे पहिल्या वेळी कुणीच पाहिलं नव्हतं. आढं झोळीच्या टोकांपासून वीतभर वर. पश्चिमेची बाजू गुडघ्याच्याही खाली ओढून घेतली, पूर्वेची जरा उचललेली, आत-बाहेर करायला. धरणाच्या पाण्याकडे आता टार्पची भिंत होती. ते बघायचं तर दहा पावलं चालून जायचं, असं ताई म्हणाली.

खुंट्या भिजलेल्या मातीत लोण्यात सुरी जावी तशा शिरत होत्या, म्हणजे निघणारही तशाच. पश्चिमेच्या दोऱ्या म्हणून बांधावरच्या दगडांना गुंडाळल्या. पूर्वेला खुंट्याच ठेवल्या. दोरी आणि टार्पच्या कोपऱ्याच्या मध्ये इलॅस्टिकचा फास टाकला, कारण नायलॉन भिजलं की सैलावतं, आणि सैल टार्पमध्ये पाणी साठून तो खाली लोंबतो.

रात्रभर धो-धो पाऊस होता. मध्यरात्री पूर्वेची एक खुंटी उपटली गेली, धाकट्याला उठावं लागलं. इलॅस्टिकने ताण बऱ्यापैकी धरला, तरी आढं एकदा परत ओढून घ्यावं लागलं. सकाळी दोघांच्या कमरेखालच्या चटया कोरड्या होत्या. सुतळीच्या शेंड्यांखाली जमिनीत बोटभर खळगे पडले होते, पागोळ्यांखाली पडतात तसे.

पूर्ण कोरडं मात्र काही नव्हतं. स्लीपिंग बॅगचं वरचं कापड दमट होतं. ढग राईतून फिरत असताना ते टळणार नाही. आणि धाकट्याच्या झोळीत पायाशी जे पाणी सापडलं ते त्याने स्वतः आणलेलं. खुंटी ठोकून आला तो रेनकोटासकट आत शिरला.

काय वेगळं करता आलं असतं

गच्चीवरची चाचणी जुलैच्या आधी झाली असती तर पहिली रात्र वेगळी गेली असती, हे उघड आहे. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो संध्याकाळचा तासभर. उजेड कमी होता म्हणून जागा नजरेने निवडली गेली, वाऱ्याने नाही. गोठ्याचा आडोसा तेव्हाही तिथेच होता आणि ताईच्या झोळीतून तर तो समोर दिसत होता. गावातली जुनी घरं, गोठे कुठल्या बाजूने झाकलेत हे पाहिलं तर हवामानाचं ॲप न उघडताही दिशा कळते.

दुसरं, एक वाजता पाठ गार लागली तेव्हाच हात खाली घालून बघायला हवं होतं. तेव्हा ओल थोडीच असणार. टार्प खाली ओढून आणि पट्ट्याला रुमाल बांधूनही काम भागलं असतं. बॅग वाचली असती. तीन वाजता तो पर्याय राहिला नव्हता.

रेनकोटाचा प्रश्न अजून नीट सुटलेला नाही. ताई तो बाहेरच्या बाजूला पट्ट्यावर टांगते, म्हणजे त्याचं पाणी सुतळीच्या अलीकडेच गळतं. धाकटा टार्पखाली उभं राहून तो काढायचा म्हणतो, पण टार्प खाली आल्यामुळे उभं राहता येत नाही, वाकून काढताना डोकं कापडाला लागतं आणि सगळा घाम मानेवर. पडदेवाला मोठा टार्प घ्यायचा विषय त्यातून पुन्हा निघाला आहे, आणि या वेळी माझा विरोध नाही.

मात्र दोघं आता परतीच्या पावसातही जायचं म्हणतात, त्याला आहे. जुलै-ऑगस्टच्या संततधारेत घाटावर विजा क्वचित असतात. सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरमध्ये, तसंच मे महिन्याच्या वळवात, दुपारनंतर गडगडाट ठरलेला, आणि तेव्हा झाडाला बांधून घेऊन झोपणं म्हणजे कोरडं-ओलं हा मुद्दाच राहत नाही. ताईला पटलंय. धाकट्याने मामांना फोन करून पडवी रिकामी असेल का ते विचारून ठेवलंय, झोळी सोबत नेणारच म्हणतो, पडवीच्या वाशांना टांगायला.